अडीच मीटर कापड, दीड मीटर काठी

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट पहिल्यांदा समजावून सांगताना मी गोड बोलते, दुसऱ्यांदा माझा आवाज चढतो आणि तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की माझं डोकंच फिरतं. पुढे जन्मभर मी गणित शिकवलं. तेव्हा या खोडीपायी पोरांनी माझ्या नावाने बोटं मोडली असतील असं कुणालाही वाटेल. मोडली असतीलही, पण फार नाही. कारण ती खोड बरीचशी जिरवायचं काम माझ्या पहिल्याच विद्यार्थिनीने केलं होतं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. विद्यार्थिनी अडतीस वर्षांची होती आणि ती माझी आई होती.

आम्ही बडोद्याला कारेलीबागेत एका टेनामेंटच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. गुजरात वेगळा होऊन वीसेक वर्षं झाली होती. बडोद्यात मराठी माणसं दोन प्रकारची. संस्थानाच्या काळापासून राहिलेली, घरात पुस्तकांची कपाटं असलेली, तोलूनमापून बोलणारी ती एक; आणि आमच्यासारखी नोकरीपायी आलेली ती दुसरी. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. आई डभोईची. तिचं बोलणं निम्मं मराठी, निम्मं गुजराती. 'बरं' म्हणायचं असेल तिथे ती 'सारू' म्हणायची आणि मला चारचौघांत त्याची लाज वाटायची. डभोईला तिच्या मराठी शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. सातवी झाली, शाळा संपली.

हरणीच्या बाजूला एका ट्रस्टची बालवाडी होती, तिथे आई तेडागर होती. तेडागर म्हणजे मदतनीस. सकाळी घरोघर जाऊन मुलं गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची, खोली झाडायची, दुपारचा खाऊ करायचा आणि पुन्हा सगळ्यांना घरी पोचवायचं. शिकवायचं काम मात्र मोटीबेनचं. या मोटीबेन म्हणजे तिथल्या शिक्षिका. आईने अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि त्यांची सगळी गाणी, गोष्टी, अंकांचे खेळ तिला पाठ झाले. मोटीबेन आजारी असल्या की वर्ग आईच घ्यायची. हजेरीपत्रकात सही मात्र खालच्या ओळीत.

मोटीबेन त्या जूनमध्ये सुरतेला मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. ट्रस्टच्या बाई आईला म्हणाल्या होत्या, "दसमुं पास करी लो बेन, जग्या तमारीज छे." दहावी पास व्हा, जागा तुमचीच, हे त्या तीन वर्षं आधीच म्हणाल्या होत्या. तेव्हापासून आई बाहेरून दहावीला बसत होती. बाकीचे सगळे विषय सुटले. गणितात पहिल्यांदा एकोणीस, दुसऱ्यांदा सत्तावीस. पास व्हायला पस्तीस लागत. मार्चची परीक्षा ही तिसरी खेप होती. या वेळी राहिलं तर जूनमध्ये दुसरी कुणीतरी येणार आणि आई तिच्या हाताखाली मुलांची नाकं पुसत राहणार, एवढा सरळ हिशोब होता.

मी अकरावी सायन्सला होते. गणितात मला नव्वदच्या खाली कधी पडले नव्हते आणि ते मी कुणाला विसरूही देत नसे. जानेवारीत मी जाहीर केलं, "आई, या वेळी मी शिकवते. बघूच कशी नापास होतेस." बाबा पेपरच्या आडून म्हणाले, "बिचारी." ते नक्की कुणाबद्दल म्हणाले ते मला कळलं नाही.

बीजगणित बरं गेलं. मी सूत्र सांगायची, आई घोकायची. भांडी घासताना, पोळ्या लाटताना तिचं पुटपुटणं चालू असायचं. शेजारच्या काकूंना वाटलं की आईने कुठला तरी जप धरलाय. त्यांनी गुरूचं नावही विचारलं. आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

गाडी अडली ती मोजमापाच्या धड्यात. त्यात चिती होत्या. इंग्रजीत प्रिझम म्हणतात त्या. पुस्तकात व्याख्या होती: ज्या घनाकृतीची दोन समांतर टोकं एकरूप बहुभुज असतात आणि बाकीच्या बाजू अमुक आणि तमुक असतात ती चिती. मी ती दोनदा वाचून दाखवली. आई म्हणाली, "सारू. पण म्हणजे काय?"

"म्हणजे पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. झालं घनफळ. पाठ कर."

आईने देवळीतली काड्यापेटी उचलून माझ्यासमोर ठेवली. "याचा पाया कुठला?"

"खालचा."

तिने काड्यापेटी उभी केली. "आता?"

"आता हा खालचा."

"मग उंची बदलली, पाया बदलला. आतल्या काड्या तेवढ्याच. हे कसं काय?"

हा प्रश्न फार चांगला होता हे आज कळतं. गेली कित्येक वर्षं नव्या वर्गात मी स्वतःच तो विचारते. त्या दिवशी मात्र माझा आवाज चढला. "आई, काड्यापेटी सरळ ठेव ना. परीक्षेत ती सरळच असते." आईने काड्यापेटी सरळ ठेवली आणि वहीत उतरवून घेतलं: पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची.

मग आला तंबू. गणित असं होतं की एका तंबूचं दार त्रिकोणी आहे. त्रिकोणाची जमिनीवरची बाजू चार मीटर आणि दोन्ही तिरक्या बाजू अडीच-अडीच मीटर. तंबू पाच मीटर लांब आहे. तर आत हवा किती मावेल? मी पेन घेतलं आणि फडाफडा लिहिलं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे निम्मा पाया गुणिले उंची. दोन गुणिले अडीच, पाच. पाच गुणिले लांबी पाच, पंचवीस घनमीटर. पुस्तकाच्या मागे उत्तर पाहिलं तर पंधरा.

इथे एक सांगायला हवं. आमची मराठी माध्यमाची पुस्तकं गुजरातीवरून भाषांतर केलेली असत आणि त्यांत छपाईच्या चुका निघत. कुठे सातचा एक झालेला, कुठे आकृती उलटी छापलेली. त्यामुळे आमच्याकडे सगळ्या मराठी मुलांना एक सवय लागली होती. उत्तर जमलं नाही की पुस्तकच चुकलं म्हणायचं. बहुतेक वेळा शिक्षकही मान डोलवायचे. मी जराही न थांबता छापलेल्या पंधरावर शाईने काट मारली आणि शेजारी ठसठशीत पंचवीस लिहिलं. "छपाईची चूक," मी म्हणाले.

आई आकृतीकडे बघत राहिली. "तिरकं कापड अडीच आहे ना?"

"हो."

"मग मधली काठी अडीच कशी असेल? काठीही अडीच आणि कापडही अडीच असेल तर कापड काठीला चिकटून सरळ खाली लोंबेल. ते चार मीटर फाकणार कसं?"

"आई, ते गणितात नसतं."

"पण तंबूत असतं ना गं?"

ती तिसरी वेळ होती. माझं डोकं फिरलं. मी पेन आपटलं आणि म्हणाले, "तुला कळत नाही तर निदान गप्प बसून घोकत जा. हे असले प्रश्न विचारतेस म्हणूनच दोनदा नापास झालीस."

बाबांनी पेपर खाली घेतला. आईने वही मिटली, तिच्यावर पुस्तक ठेवलं, दोन्ही उचलून कपाटाच्या वर ठेवलं आणि ती भात टाकायला गेली. भाताला तेव्हा अजून दोन तास वेळ होता.

चार दिवस ती अभ्यासाला बसली नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मी संध्याकाळी मुद्दाम पुस्तक काढून समोर ठेवायची, ती गहू निवडायला घ्यायची. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "आई, दिवस वाया चाललेत." ती मान वर न करता म्हणाली, "येऊ दे दुसरी कुणी. मी आहे तिथे बरी आहे. मला कळत नाही ते खरंच आहे." आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. तिने माझं म्हणणं मान्य करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या शाळेतून घरी आले तेव्हा बाबा घरीच होते, त्यांची दुपारची पाळी होती. त्यांनी आईचा चष्मा माझ्या हातात ठेवला. "विसरून गेलीय. नेऊन दे." मी म्हणाले, "संध्याकाळी येईलच की ती." तेव्हा बाबा जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "तुझ्या आईला रडताना मी दोनदाच पाहिलंय. एकदा तिचे वडील गेले तेव्हा, आणि एकदा परवा, मोरीत. सायकल घे आणि जा."

मी सायकल काढली. हरणीच्या रस्त्याला ऊन चांगलंच तापलं होतं. माफी मागायची हे मनात पक्कं होतं. पण कशाबद्दल, हे मात्र माझं मलाच नीट ठरवता येत नव्हतं. तोडून बोलले, हे चुकलं. पण उत्तर पंचवीसच, याबद्दल माझी खात्री होती. बोलण्याची माफी मागू, उत्तराची नाही, असं ठरवून मी बालवाडीच्या फाटकाशी उतरले.

आई खाऊ वाढत होती. मला बघून म्हणाली, "काय झालं?" मी म्हणाले, "चष्मा." "ठेव तिथे," म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

त्या दिवशी सुखडी होती. तुपात भाजलेल्या कणकेत गूळ घालून थापलेली, तिकडे बालवाडीत नेहमी करतात ती. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं एक चौकोनी ताट होतं, त्यात ती सगळीकडे सारख्या जाडीची थापलेली होती. आई सुरीने तिरक्या रेघा मारत होती, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मधे सगळे शंकरपाळ्यासारखे तुकडे आणि कडेला त्रिकोणी राहिलेले. एका चिमुरडीच्या हातावर तिने दोन त्रिकोण ठेवले. ती ओठ काढून म्हणाली, "मने अर्धी केम?" आईने ते दोन त्रिकोण तिच्याच तळहातावर एकमेकांना जोडून दाखवले. "ले, जो. बे अर्धी, एक आखी." मुलीने नीट पाहिलं आणि समाधानाने तोंडात कोंबलं.

तिच्या शेजारच्या मुलाच्या ताटलीत तुकडा उभा राहिला होता. तो मोठा दिसतो म्हणून पलीकडच्याने तसाच मागितला. आईने त्याचा तुकडाही उभा करून दिला. "आता झाली मोठी?" त्याने जोरात मान हलवली. आई हसली, तिने तो पुन्हा आडवा केला, पुन्हा उभा केला. मुलंही हसायला लागली. हा खेळ त्यांचा नेहमीचा असावा.

मी दारात उभी होते आणि माझे कान तापत होते. आडवा ठेवा की उभा ठेवा, तुकडा तेवढाच. त्रिकोण म्हणजे शंकरपाळ्याचा अर्धा, जाडी तीच, म्हणून सुखडीही अर्धी. आकार टोकाचा धरायचा आणि तो किती लांबवर तसाच गेलाय ते बघायचं, मग तो घन झोपलेला असो की उभा. काड्यापेटी घेऊन आई मला हेच विचारत होती. अकरा वर्षं ती रोज दुपारी चाळीस मुलांना चिती सारख्या वाटून देत होती आणि मी तिला व्याख्या वाचून दाखवत होते.

पण अजून पंचवीस शिल्लक होते. मी बाहेर अंगणात आले. उन्हासाठी तिथे ताडपत्री ताणली होती. मधे दोन काठ्या, त्यांच्यावरून दोरी, दोरीवरून ताडपत्री दोन्ही अंगांना तिरकी खाली आणून खुंट्यांना बांधलेली. हे सगळं दर उन्हाळ्यात आईच बांधायची. पुस्तकातला तंबू माझ्यासमोर उभा होता. मी आजूबाजूला पाहिलं आणि कुणी नाही असं बघून वीत टाकायला सुरुवात केली. काठी सात विती भरली. दोरीपासून खुंटीपर्यंतची तिरकी ताडपत्री अकरा विती भरली.

मी पुन्हा मोजलं. सात आणि अकरा. पायथागोरस मला आठवीपासून येत होता. झोपेतून उठवून विचारला असता तर मी सांगितला असता. पण तंबू बघून तो मला आठवला नव्हता. मी दिसेल तो आकडा घेतला होता, गुणला होता आणि खऱ्या उत्तरावर काट मारली होती. पुस्तक बरोबर होतं. आई बरोबर होती. चुकली होती ती नव्वद मार्कांवाली.

आई हात पुसत बाहेर आली. "काय मोजतेयस?"

मी म्हणाले, "आई, चुकलं माझं. सगळंच चुकलं. बोलले ते, आणि गणितही. काठी अडीच नाहीये."

मला वाटलं ती म्हणेल, बघ, मी सांगत होते. ती तसलं काही म्हणाली नाही. पदराने कपाळ पुसत खाली टेकली, एक काटकी उचलून माझ्या हातात दिली आणि धुळीकडे बोट करून म्हणाली, "मग किती आहे ते सांग. कशी काढायची?"

मी धुळीत त्रिकोण काढला. मधे काठीची रेघ ओढली. "चारचे अर्धे दोन. तिरकी अडीच. अडीचचा वर्ग..." मी गुणाकार मांडायला लागले.

"अडीच अडीचे सव्वासहा," आई म्हणाली.

"त्यातून दोनचा वर्ग चार वजा."

"सव्वादोन राहिले."

"आता सव्वादोनचं वर्गमूळ काढायचं. त्यासाठी दशांश चिन्ह देऊन दोन-दोनच्या जोड्या..."

"दीड दिढे सव्वादोन," आई म्हणाली. "दीड मीटर काठी."

डभोईच्या शाळेत तिला दिडकी आणि अडीचकी पाठ करायला लावली होती, दीड आणि अडीचचे पाढे. माझ्या वेळेपर्यंत ते शाळेतून गेले होते. मी जोड्याच पाडत होते तोवर तिचं उत्तर आलंही होतं. दोन गुणिले दीड, तीन. तीन गुणिले पाच, पंधरा. आईने धुळीतल्या पंधराकडे बराच वेळ पाहिलं आणि मग माझ्याकडे. "छपाई बरी आहे की," ती म्हणाली. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की मोटीबेन बाहेर येऊन विचारायला लागल्या, "शुं थयुं?"

त्यानंतरचे अठरा दिवस मी शिकवलं असं मला म्हणवत नाही. आई विचारायची आणि आम्ही दोघी शोधायचो. कणकेचे गोळे घेऊन आम्ही त्रिकोणी, चौकोनी, पाचकोनी लांबट ठोकळे करायचो आणि शिवणाच्या दोऱ्याने कापायचो. कुठेही कापलं तरी काप तसाच निघाला पाहिजे, तरच ती चिती. गाजर चिती नाही, कारण ते टोकाकडे निमुळतं. बाबा म्हणाले, "आज पोळ्या त्रिकोणी का?" आई म्हणाली, "गपचूप खा."

पृष्ठफळ तर तिने मलाच शिकवलं. मी सहा बाजू मांडून एकेकीचं क्षेत्रफळ काढत बसले होते. ती म्हणाली, "लोडाचा अभ्रा शिवताना मी काय करते? भोवतीने दोरा फिरवून घेते, तेवढी रुंद आणि लोडाएवढी लांब अशी एकच पट्टी कापते. मग दोन टोकांना दोन तुकडे. सहा कशाला?" टोकाची परिमिती गुणिले लांबी, अधिक दोन टोकं. पुस्तकात तेच सूत्र होतं, पण मी ते नुसतं पाठ केलं होतं. मी तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की आता थांबून आईकडे बघायची. तिच्या कपाळावर आठी असली की समजायचं, चूक बहुतेक माझीच असणार.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. शाळेच्या मैदानात पंधरा वर्षांची पोरं शेवटच्या मिनिटाची पुस्तकं चाळत होती. आई मुलाला सोडायला आलीय असं समजून एका मुलीने तिला विचारलं, "आंटी, तमारो बाबो क्यां छे?" आईने आपलं प्रवेशपत्र तिला दाखवलं. ती मुलगी लाजली, आई नाही.

तीन तासांनी ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता येईना. आम्ही रस्ता ओलांडला. मग म्हणाली, "हवाडा आला होता." हवाडा म्हणजे गुरांना पाणी पाजायचं टाकं. "तोंड त्रिकोणी, टोक खाली. सूत्र काही केल्या आठवेना. मग म्हटलं, हा तंबूच आहे, उलटा ठेवलेला. आपली काठी शोधली आधी. पाणी काढलं, मग पत्रा किती लागेल तेही काढलं, अभ्र्यासारखं. वरची बाजू उघडी होती, ती सोडून दिली."

"मग उत्तम की!"

"त्यातच अर्धा तास गेला. दोनदा तपासलं. शेवटचे दोन प्रश्न राहिले." आम्ही घरी येऊन प्रश्नपत्रिका सोडवली. मी मार्क मोजले. कडक तपासलं तर तेहेतीस, हात सैल सोडला तर अडतीस. ते दोन महिने मी आकडा कमीजास्त करत काढले. आई मात्र शांत होती. एकदा मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते ना. पण या वेळी मला कळलंय. राहिलं तरी ते कळलेलं कुठे जाणार नाही."

निकाल पेपरात यायचा. नुसते पास झालेल्यांचे नंबर, ओळीच्या ओळी. स्टेशनवर पेपर लवकर मिळतो म्हणून बाबा पहाटेच सायकल घेऊन गेले. परत आले ते पेपर घडी घालून काखेत धरून. चेहरा कोरा. मी झडप घालायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला. "तिला बघू दे."

आईने चष्मा लावला. जमिनीवर पेपर पसरला आणि एका बोटाने नंबरांच्या रांगेतून खाली सरकत गेली. माझं लक्ष तिच्या बोटाकडे होतं. ते एके ठिकाणी थांबलं. मग तिने ते बोट तिथून काढलंच नाही. दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं आणि तशीच बसून राहिली. बाबा नाक शिंकरायला मोरीत गेले. पुढे गुणपत्रिका आली, तिच्यात गणिताला एक्केचाळीस होते. आयुष्यात मला जे काही मार्क मिळाले ते सगळे या एक्केचाळिसांपुढे फिके होते आणि आहेत.

जूनच्या पहिल्या दिवशी बालवाडी उघडली. मोटीबेन सुरतेला गेल्या होत्या. आईच्या जागी यायची होती ती नवी तेडागर पंधरवड्याने येणार होती. माझी बारावीची शाळा अजून सुरू झाली नव्हती. आदल्या संध्याकाळी आई म्हणाली, "पंधरा दिवस येशील माझ्याबरोबर? मुलं आणायला कुणी नाही." मी हो म्हटलं.

त्या सकाळी मी सात घरांची दारं ठोठावली, रडणाऱ्या दोघांना उचलून घेतलं, चौघांचे हात धरले आणि घामाघूम होऊन बालवाडीत पोचले. आई टेबलाशी बसली होती. समोर नवं हजेरीपत्रक होतं. वरच्या ओळीत, शिक्षिका लिहिलं होतं तिथे, तिने सावकाश आपली सही केली. शाई वाळेपर्यंत बघत राहिली. मग खालच्या ओळीत, मदतनीस लिहिलं होतं तिथे, तिने पेन्सिलीने माझं नाव लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

"मागच्या गल्लीतली दोन मुलं राहिलीत," आई म्हणाली. "जा, घेऊन ये. आणि हे बघ, त्यातला धाकटा घाबरट आहे. त्याला तीनदा सांगावं लागतं."

मी चपला घातल्या आणि निघाले.